अधिकारक्षेत्राबाहेरचा गणपती

"मग गणपतीलाच वादी करा," चौबळ म्हणाले.

कॅव्हानॉबाईंनी पेन खाली ठेवलं. या आमच्या मंडळाच्या वकील. तासावर पैसे घेत, त्यामुळे कुठल्याच प्रश्नाला हसत नसत.

"भारतात चालतं," चौबळांनी त्यांना समजावलं. "कायद्यानं देव ही व्यक्ती असते. त्याच्या नावावर जमिनी असतात. तो दावे लावतो, जिंकतोही."

"इथे त्याला कोणी दारात उभं करणार नाही. पण समजा केलं. तो कोणत्या राज्याचा नागरिक?"

चौबळांनी माझ्याकडे पाहिलं. ते अध्यक्ष, मी चिटणीस. अडचणीच्या प्रश्नांची उत्तरं चिटणिसानं द्यायची, असा आमच्याकडे रिवाज होता.

"तो दरवर्षी दहा दिवस येतो," मी म्हणालो.

"आणि मग?"

"मग जातो. जाताना आम्ही त्याला पुढच्या वर्षी लवकर ये म्हणतो."

"म्हणजे कायम राहायचा इरादा नाही. कायद्यात माणसाचं घर म्हणजे जिथे राहायचा आणि परत यायचा त्याचा इरादा असतो ती जागा. जातो कुठे?"

"कैलासावर."

"मग परदेशी नागरिक." बाईंनी वहीत टिपून घेतलं. "तशीही सोय आहे. फक्त त्या देशाला आपल्या सरकारची मान्यता हवी. आहे का?"

चौबळ म्हणाले, चौकशी करावी लागेल.

ही बावीस वर्षांपूर्वीची, न्यू जर्सीतली गोष्ट. आमचं मंडळ डेलावेअर नदीच्या दोन्ही काठांवरच्या मराठी लोकांचं होतं. इकडचा काठ न्यू जर्सी, तिकडचा पेन्सिल्व्हेनिया. प्रभाकर चौबळ अकरा वर्षं अध्यक्ष होते आणि गणपतीत संध्याकाळची आरती ते आल्याशिवाय सुरू होत नसे. ते औषधांच्या कंपनीत मोठ्या जागेवर, सुटायचे साडेसहाला आणि पुलावरच्या गर्दीत अडकायचे. एका वर्षी पोरं भुकेनं रडायला लागली तरी साहेबांचा पत्ता नाही. नदीपलीकडच्या डॉक्टर निरगुडकरबाईंनी पावणेनऊला ताट हातात घेतलं आणि आरती उरकून टाकली. चौबळ पोचले तेव्हा लोक प्रसाद खाऊन हात पुसत होते. चार महिन्यांत पलीकडच्या काठावर दुसरं मंडळ उभं राहिलं, आणि पहिल्याच सभेत त्यांनी ठराव केला की मूर्ती आमची.

मूर्ती चार फुटांची, मऊ पांढऱ्या लाकडाची. दामोदर मोकल यांनी ती आपल्या गराजमध्ये दोन हिवाळे खपून कोरली होती. मोकलकाका मूळचे पेणजवळच्या हमरापूरचे. सगळं गाव गणपती घडवणारं. हे मात्र बोटीवर नोकरी धरून अमेरिकेत आले आणि कारखान्यात साचे बनवत निवृत्त झाले. मूर्ती कुणाची, हे त्यांना विचारावं असं दोन्ही मंडळांत कुणालाच सुचलं नाही. त्यांनी ती नुसती घडवली होती.

चौबळांनी थेट फेडरल कोर्टात दावा लावला. त्यांच्या डोक्यात कोर्टांचा जिना पक्का होता: तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. फेडरल म्हणजे केंद्राचं, केंद्राचं म्हणजे वरचं, मग उगाच खालून कशाला चढा? कॅव्हानॉबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं की इथे एक जिना नाही, शेजारी शेजारी दोन आहेत. एक राज्याचा, एक केंद्राचा. दोघांनाही आपापले मजले. राज्याची कोर्टं जवळपास कुठलंही भांडण ऐकतात. फेडरल कोर्ट मोजकीच ऐकतं. प्रश्न केंद्राच्या कायद्याचा किंवा घटनेचा असला तर, नाहीतर भांडणारे दोन वेगळ्या राज्यांचे असले आणि भांडण पंचाहत्तर हजार डॉलरच्या वरचं असलं तर.

चौबळांनी यातलं 'मोजकीच' एवढंच ऐकलं. "मोजकीच घेतात म्हणजे दर्जा असणार," ते म्हणाले.

लाकूड आणि रंग मिळून सहाशे डॉलर झाले होते. उरलेली किंमत चौबळांनी भावनांची धरली. दोनशे कुटुंबं, दर कुटुंबामागे पाचशे डॉलरच्या भावना. कमी पडल्या तर आणखी कुटुंबं धरू, असंही त्यांनी बाईंना सांगून ठेवलं.

कोर्टानं पहिल्याच महिन्यात हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत मूर्ती हलवायची नाही. ती न्यू जर्सीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात शटरमागे ठेवली गेली आणि किल्ली माझ्याकडे आली. माझ्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता असं नाही. दोघांनाही मी निरुपद्रवी वाटत होतो.

असे चौदा महिने गेले. एक गणेशोत्सव मूर्तीशिवाय पार पडला, दुसरा तीन आठवड्यांवर आला. दर रविवारी सकाळी मोकलकाकांचा फोन येई.

"सुटला काय रं तो?"

"अजून नाही, काका."

"मना वेळ नाय, गिरीश."

ते खरंच होतं. दरवर्षी चतुर्थीच्या आठ दिवस आधी काका टर्पेंटाइननं मूर्तीचे डोळे पुसून काढत आणि नव्यानं रंगवत. मूर्तिकार याला आखणी म्हणतात. वर्षभर माणसं बघून बघून नजर शिळी होते, असं काकांचं म्हणणं. या कामाला त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात कधी लागू दिला नाही. आणि आता त्यांच्याच डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. काकांचं एवढंच मागणं होतं, की तेवढ्यात एकदा गणपतीचे डोळे करू द्या. मूर्ती मग कुठलंही मंडळ नेवो.

निकाल जवळ आला असं सगळेच म्हणत होते. तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी, कुणी मागितलं नसताना, दोन्ही मंडळांकडून सभासदांची यादी मागवली. दावा दाखल झाला त्या दिवशी कोण कोणत्या राज्यात राहत होतं, ते लिहून द्या. न्यायाधीशबाई सत्तरीच्या होत्या. या कोर्टात नेमणूक तहहयात असते. कोर्टाबद्दल कळलेल्या सगळ्या गोष्टींत चौबळांना ही एकच मनापासून पटली होती.

"आत्ता याद्या कशाला?" त्यांनी कॅव्हानॉबाईंना विचारलं.

"आपल्याला अधिकार आहे का, हे कोर्टाला कधीही तपासता येतं. तुमचं मंडळ नोंदलेलं असतं तर ते सरळ न्यू जर्सीचं धरलं असतं. तुम्ही नोंदणी केलेली नाही."

केली नव्हती, कारण नोंदणी केली की निवडणूक घ्यावी लागते असं चौबळांनी कुठेतरी ऐकलं होतं.

"नोंदणी नसलेलं मंडळ म्हणजे त्याचे सगळे सभासद," बाई पुढे म्हणाल्या. "जितक्या राज्यांत सभासद, तितक्या राज्यांचं मंडळ. समोरचे सगळे पेन्सिल्व्हेनियाचे. तुमच्यात तिथला एक जरी निघाला, तरी दोन्ही बाजू एकाच राज्याच्या होतात आणि दावा बाहेर."

बाई फोन घ्यायला दुसऱ्या खोलीत गेल्या. चौबळांनी मला हळूच विचारलं, "आपल्यात पलीकडे कोण राहतं, खांबेटे?"

"मोकलकाका. दोन वर्षं झाली, मुलीकडे राहायला गेलेत."

"ते सभासद आहेत?"

"आजीव. तुम्हीच शाल आणि नारळ दिलात. पत्रिकेवर पहिलं नाव त्यांचं असतं."

चौबळांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "त्यांनी राजीनामा दिला होता. गेल्या वर्षी मे महिन्यात. दावा जूनमधला. तुम्ही तो फायलीत लावायचा राहिला. आणून लावा."

"काका असं काही..."

"त्यांच्याच गणपतीसाठी चाललंय ना हे सगळं? दावा बाहेर गेला तर राज्याच्या कोर्टात पहिल्यापासून सुरुवात. दोन वर्षं धरा. सांगा त्यांना."

मी मजकूर टाइप केला, मागची तारीख घातली आणि पूल ओलांडून गेलो. मला ते गैर वाटलं नाही असं नाही. पण दोन वर्षं हे शब्द मला जास्त गैर वाटत होते.

उल्कानं, काकांच्या मुलीनं, दार उघडलं. "या गिरीशदादा. बाबांचं काय चाललंय ते बघा जरा," ती म्हणाली आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. टेबलावर, खुर्च्यांवर, ओट्यावर कागदी ताटल्या वाळत पडल्या होत्या. प्रत्येक ताटलीवर दोन डोळे. भिंतीजवळच्या ताटल्यांवरचे डोळे असे, की मी दोन पावलं मागे सरलो. खिडकीकडे येता येता ते बिघडत गेले होते. शेवटच्या ताटल्यांवर पापण्या सुरेख होत्या आणि बुबुळं कुठेही पडली होती.

काका माझ्याकडे बघायला मान भिंतीकडे वळवत. "समोर बघितलं की तुझं तोंड पुसल्यावानी दिसतंय," ते म्हणाले. "कडेनं जरा गावतोस. काय आणलास?"

मी सगळं सांगितलं. न लपवता सांगितलं, तारखेचंही.

"सही केली तर लौकर सुटंल तो?"

"चौबळ तसं म्हणतात."

"मग कुठं करू ते बोटानं दाव."

मी बोट ठेवलं. काकांनी पेन धरलं आणि सही केली. दामोदर कागदावर आलं, मोकल उतरत उतरत टेबलावर गेलं. मी कागद उचलला, घडी घातली.

"तारीख कवाची घातलीस बोललास?"

"गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली."

काका हसले. "तवा माझी सही सरळ यायची रं."

सुनावणी शुक्रवारी सकाळी होती. मला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवून शपथ दिली. राजीनामा कोटाच्या आतल्या खिशात होता. पहिल्या बाकावर चौबळ आणि पलीकडे निरगुडकरबाई, दोघंही सणाला घालतात तसे कपडे घालून आले होते.

"दावा दाखल झाला त्या दिवशी," न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुमच्या मंडळाचा कोणी सभासद पेन्सिल्व्हेनियात राहत होता का?"

सत्याची चाड वगैरे मोठे शब्द मी इथे वापरणार नाही. सहा आठवड्यांनी माझी नागरिकत्वाची मुलाखत होती आणि शपथेवर खोटं बोलणाऱ्याचं फेडरल कोर्ट काय करतं ते मी आदल्या दिवशी वाचून आलो होतो. पण भीती हे निम्मंच कारण. उरलेलं निम्मं म्हणजे ती टेबलावर घसरत गेलेली सही. ती चार लोकांपुढे उलगडून दाखवायची मला लाज वाटली.

"होता," मी म्हणालो. "दामोदर मोकल. आजीव सभासद."

"आजीव म्हणजे?"

"मरेपर्यंत."

"आणि ते हयात आहेत?"

"आहेत. दर रविवारी फोन करतात."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग हा दावा ऐकायचा मला अधिकार नाही. पहिल्या दिवसापासूनच नव्हता. मूर्ती कुणाची, यावर मला एक अक्षरही बोलता येणार नाही. दावा काढून टाकत आहे."

चौबळ उभे राहिले. कॅव्हानॉबाईंनी त्यांची बाही ओढली, पण ते अकरा वर्षांचे अध्यक्ष होते. "युअर ऑनर, आमची काही हरकत नाही. त्यांचीही नसेल. आम्हा दोघांनाही तुम्हीच हव्या आहात."

निरगुडकरबाईंनी मान हलवली. चौदा महिन्यांत दोन्ही मंडळांचं हे पहिलं एकमत.

"तुम्ही दिलेला अधिकार मला घेता येत नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "घटनेनं आणि संसदेनं दिलाय तेवढाच माझा. आणि तुम्हा दोघांना एकमत करता येत असेल, तर कोर्ट कशाला हवंय?"

चौबळ खाली बसले. मग समोरच्या वकिलानं विचारलं, मूर्ती हलवू नये या हुकुमाचं काय?

"ज्या कोर्टाला अधिकारच नव्हता, त्याचा हुकूम कसला? तो आत्तापासून संपला. राज्याचं कोर्ट जवळच आहे."

बाहेर व्हरांड्यात लगेच नवा वाद पेटला. राज्याचं कोर्ट, पण कुठल्या राज्याचं? चौबळ म्हणत न्यू जर्सीचं, निरगुडकरबाई म्हणत पेन्सिल्व्हेनियाचं. दोन्ही वकील म्हणाले, सोमवारी अर्ज देऊ. चौबळ माझ्याशी बोलले नाहीत. मी लिफ्टमध्ये शिरलो, खिशात हात घातला आणि हाताला किल्ली लागली. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ, या गणपतीवर पृथ्वीतलावरच्या कुठल्याही कोर्टाचा हुकूम चालत नव्हता. हे त्या इमारतीत कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, कारण सगळे खटल्याच्या गडबडीत होते.

मी खालून फोन केला. "काका, सुटला."

"जामिनावर?"

"नाही. कोर्टच बाजूला झालं."

मी उल्काकडे पोचलो तेव्हा काका कुंचले आणि बाटल्या पिशवीत भरून पायरीवर बसले होते.

गाळ्याचं शटर वर केलं आणि उजेड थेट मूर्तीवर पडला. काकांनी तिची धूळ झटकली नाही, आधी सोंडेवरून हात फिरवला. मग चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून दोन्ही डोळे पुसून टाकले. मी काही बोलायच्या आत पुसले. नंतर डाव्या हाताचा अंगठा लाकडात कोरलेल्या पापणीच्या कडेवर ठेवून त्यांनी कुंचला त्या अंगठ्यामागून नेला. एक रेघ, दुसरी रेघ, भुवया. कुठेही थरथर नाही. मला वाटलं, जमलं.

बुबुळापाशी ते थांबले. मान डावीकडे करून बघितलं, उजवीकडे करून बघितलं. कुंचला तीनदा जवळ नेला आणि तीनदा मागे घेतला.

"इथं हाताला कायच लागत नाय," ते म्हणाले. "सपाट हाय सगळं."

त्यांनी कुंचला माझ्यापुढे धरला.

"तू घाल."

"काका, मी आयुष्यात कुंचला धरलेला नाही. मी सांडपाण्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे."

"आंधळा ठेवायचा काय त्याला? धर."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मी उजवं बुबुळ घातलं. ते बरं आलं. त्या आनंदात डावं घातलं, ते कडेला गेलं. नीट करायला गेलो तर मोठं झालं आणि आणखी कडेला सरकलं. आता गणपती एका डोळ्यानं समोर बघत होता आणि दुसऱ्यानं थेट बाजूच्या भिंतीकडे. सगळं पुसून पुन्हा करायचं तर काकांनी आखलेल्या पापण्याही गेल्या असत्या. काकांनी बाटल्यांची बुचं लावायला घेतली होती.

"जमलं?" त्यांनी विचारलं.

"जमलं," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी दोन्ही बाजू वकिलांसह गाळ्यावर आल्या. नव्या अर्जांना जोडायला मूर्तीचे फोटो हवे होते. मी शटर वर केलं.

"हा आपला नाही," निरगुडकरबाई म्हणाल्या.

"आमचा तर नाहीच," चौबळ म्हणाले. "आमचा असा बघत नव्हता."

कॅव्हानॉबाईंनी दोघांचंही म्हणणं तिथल्या तिथे गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहून घेतलं आणि सह्या घेतल्या. कोर्ट कुठलंही असो, त्याला आधी भांडण लागतं, आणि ज्यावर भांडायचं ती वस्तूच कुणाला नको होती. दोन्ही मंडळांनी त्या आठवड्यात फायबरच्या मूर्ती मागवल्या. पुढे कळलं, एकाच दुकानातून मागवल्या, अगदी एकसारख्या. माझं चिटणीसपद गेलं. मूर्ती मी भाड्याच्या ट्रकमधून उल्काकडे पोचवली, तेव्हा पावती कुणाच्या नावावर फाडायची हे कुणी विचारलं नाही.

चतुर्थीला मी तिथे गेलो. गणपती दिवाणखान्यात बसला होता, आणि काका त्याच्या समोर नव्हे, एका बाजूला खुर्ची टाकून खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, रुसले. वाईट वाटलं. चौदा महिने ज्याची वाट बघितली, त्याच्याकडे त्यांना बघावंसंही वाटू नये.

"कोण, गिरीश? डोळे कसे आलेत रं?"

उल्कानं माझ्याकडे बघितलं.

"होते तसेच, काका," मी म्हणालो. "अगदी पूर्वीसारखे."

"कोरटात खरं बोललास आन माझ्यापुढं खोटं बोलतोस?" काका म्हणाले. "डावा पार भायेर गेलाय. मना त्या दिवशीच दिसलंता. कडेनं दिसतंय ना मना."

"चुकलं, काका. मला सांगायचा धीर झाला नाही."

"चुकलं कसं? म्होरं बसलो तर तो मना दिसत नाय. इथं बसून खिडकीकडं बघितलं तरच दिसतो. पर मंग आधीच्या डोळ्यांनी तो सगळ्यांकडं बघितला असता, माझ्याकडं नाय." त्यांनी तोंड खिडकीकडेच ठेवलं होतं. "आता इकडंच बघतोय. सकाळधरनं बघतोय."

मग त्यांनी उल्काला बजावलं, की पाहुणे आले तरी ही खुर्ची इथून हलवायची नाही.